सालाखालचे अक्षर आणि दुहेरी ठसा

अमेरिकेत लेकीकडे किंवा मुलाकडे सहा महिने राहून परतलेल्या आई-वडिलांच्या सामानात तिकडच्या चिल्लरीची एक डबी हमखास निघते. नोटा बदलून मिळतात, नाणी कोणी घेत नाही. मग ती डबी कपाटाच्या खणात जाऊन पडते. तिकडेच राहणाऱ्यांच्या घरी दाराशेजारच्या वाडग्यात सेंट साठत राहतात आणि तो वाडगा रिकामा करायला कोणाला सवड नसते. हा लेख त्या डबीसाठी आणि त्या वाडग्यासाठी आहे.

या नाण्यांबद्दल मला विचारले जाणारे प्रश्न बहुतेक दोनच असतात. पहिला : माझ्या नाण्यावर टांकसाळीचे अक्षरच नाही, म्हणजे ते चुकून पाडलेले दुर्मिळ नाणे आहे का? दुसरा : सालाचे आकडे दुहेरी दिसतात, म्हणजे हे लाखमोलाचे आहे का? मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंनी या दोन्ही प्रश्नांना भलतेच खतपाणी घातले आहे. खरे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असते. पण जेव्हा ते ‘हो’ असते तेव्हा ते ओळखता आले पाहिजे, आणि ते ओळखणे कोणालाही शिकता येते. त्यासाठी एक चांगले भिंग, एक टेबललॅम्प आणि भरपूर धीर लागतो. हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. दुहेरीपणा खरा की खोटा, याची साक्ष अनेकदा सालाखालचे ते छोटे अक्षरच देते.

आधी अक्षराचे पाहू. आपल्याकडे सालाखाली चौकट दिसली की नाणे मुंबईचे, तारा दिसला की हैदराबादचे, ठिपका दिसला की नोएडाचे, आणि काहीच नसले की कोलकात्याचे. अमेरिकेतही सगळ्यात जुन्या टांकसाळीने स्वतःची खूण घालायची नाही, असाच रिवाज पडला. फिलाडेल्फियाची टांकसाळ १७९२ च्या कायद्याने उभी राहिली आणि पुढची दीडशे वर्षे तिच्या नाण्यांवर कोणतेही अक्षर आले नाही. १८३८ मध्ये दक्षिणेत तीन शाखा सुरू झाल्या आणि त्यांची नाणी ओळखता यावीत म्हणून अक्षरे आली. न्यू ऑर्लीन्सला ‘ओ’ मिळाला, शार्लटला ‘सी’ आणि जॉर्जियातल्या डालोनेगाला ‘डी’. शार्लट आणि डालोनेगा येथे फक्त सोन्याची नाणी पडत. यादवी युद्ध पेटले तेव्हा, १८६१ मध्ये, तिन्ही बंद पडल्या. पुढे त्यातली न्यू ऑर्लीन्सचीच टांकसाळ पुन्हा सुरू झाली आणि १९०९ पर्यंत चालली. सॅन फ्रान्सिस्कोचा ‘एस’ १८५४ पासूनचा. नेवाडातल्या कार्सन सिटीची ‘सीसी’ ही जोडअक्षरी खूण १८७० ते १८९३ या काळातली आहे. तिचे चांदीचे डॉलर आजही संग्राहक आवडीने घेतात. डेन्व्हरमध्ये नाणी पडू लागली १९०६ मध्ये आणि त्यांना ‘डी’ मिळाला. डालोनेगा त्याआधी पंचेचाळीस वर्षे बंद होती, त्यामुळे दोन ‘डी’ एकमेकांत मिसळण्याची भीती नाही. तुमच्या डबीतला ‘डी’ डेन्व्हरचाच आहे.

फिलाडेल्फियाने आपला ‘पी’ पहिल्यांदा घातला तो १९४२ मध्ये, आणि त्याला कारण घडले महायुद्ध. निकेल धातू युद्धसामग्रीसाठी हवा होता म्हणून पाच सेंटच्या नाण्यात तो काढून ५६ टक्के तांबे, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगॅनीज घातले गेले. युद्धानंतर ही वेगळ्या मिश्रधातूची नाणी पटकन वेगळी काढता यावीत म्हणून काट्याच्या बाजूला, मॉन्टिसेलो या जेफरसनच्या घराच्या घुमटावर, भले मोठे अक्षर घातले. १९४२ ते १९४५ मधले पाच सेंटचे नाणे हाती आले आणि घुमटावर पी, डी किंवा एस दिसला, तर त्यात चांदी आहे. हे नाणे भिंगाशिवाय ओळखता येते, त्यामुळे नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी.

युद्ध संपल्यावर ‘पी’ पुन्हा गेला. १९७९ च्या सुसान बी. अँथनी डॉलरवर तो परतला आणि १९८० पासून सेंट सोडून बाकी नाण्यांवर येऊ लागला. सेंटवर तो फक्त एकाच वर्षी आला, २०१७ मध्ये, टांकसाळीच्या २२५ व्या वर्षानिमित्त. पुढच्याच वर्षी तो पुन्हा काढला. म्हणून २०१७ आणि पुढे येणारे १९२२ सोडून कोणत्याही सालचा बिनअक्षराचा सेंट हे अगदी सर्वसाधारण नाणे आहे. ते फिलाडेल्फियाचे असते, आणि १९७४ ते १९८६ दरम्यानचे असेल तर कदाचित न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट पॉइंटचेही असू शकते. तिथेही त्या वर्षांत सेंट पाडले गेले आणि त्यांवर काहीच खूण नसल्याने ते वेगळे ओळखता येत नाहीत. १९६५, १९६६ आणि १९६७ या तीन वर्षांत तर कोणत्याच टांकसाळीच्या नाण्यावर अक्षर नाही. देशात सुट्या पैशांची टंचाई होती आणि संग्राहक नाणी दाबून ठेवतात असा सरकारचा समज होता, म्हणून अक्षरेच काढून टाकली होती. ‘१९६५ चे बिनअक्षराचे क्वार्टर (पाव डॉलर), किंमत लाखो डॉलर’ असा व्हिडिओ दिसला तर तो तिथेच बंद करा.

अक्षर नसणे खरोखर महत्त्वाचे ठरते ते जिथे ते असायलाच हवे होते तिथे. १९२२ मध्ये सेंट फक्त डेन्व्हरने पाडले. म्हणजे त्या सालच्या प्रत्येक सेंटवर ‘डी’ हवा. चित्र उमटवणाऱ्या साच्यामुळे, म्हणजे झिजलेल्या आणि घासून साफ केलेल्या डायमुळे, काही नाण्यांवर तो उमटलाच नाही, आणि ती आज फार महाग आहेत. तसेच १९८२ चे दहा सेंटचे नाणे, म्हणजे डाइम. त्यावर पी, डी यांपैकी काहीच नसेल तर फिलाडेल्फियात ‘पी’ ठोकायचा राहून गेला आहे. हा प्रकार चलनातल्या नाण्यांत खरोखर सापडतो.

आता अक्षर शोधायचे कुठे? लिंकनच्या सेंटवर काम सोपे आहे. १९०९ पासून ते छाप्याच्या बाजूलाच, सालाच्या खाली असते. बाकीच्यांसाठी १९६८ ही सीमारेषा लक्षात ठेवा. १९६४ पर्यंत ते काट्याच्या बाजूला असे. पाच सेंटवर मॉन्टिसेलोच्या इमारतीच्या उजवीकडे, डाइमवर मशालीच्या बुडाशी, पाव डॉलरच्या क्वार्टरवर गरुडाखालच्या पानांच्या तळाशी. १९६८ पासून ते छाप्याच्या बाजूला आले. क्वार्टरवर वॉशिंग्टनच्या मानेमागे रिबिनीजवळ, डाइमवर सालाच्या वर, केनेडीच्या अर्ध्या डॉलरवर मानेखाली. जुन्या मॉर्गन डॉलरवर मागे, पानांच्या वेलीखाली. क्वार्टर चाळताना २०१९ आणि २०२० ही साले बाजूला काढा आणि त्यांवर ‘डब्ल्यू’ आहे का ते पाहा. ते वेस्ट पॉइंटचे अक्षर. या दोन वर्षांत प्रत्येक चित्राची फक्त वीस लाख नाणी ‘डब्ल्यू’सह मुद्दाम चलनात सोडली गेली. आजही ती कोणाच्या तरी सुट्या पैशांत फिरत आहेत.

इथपर्यंतचे काम नजरेचे होते. दुहेरी ठशाकडे वळण्यापूर्वी नाणे कसे पडते ते थोडक्यात समजून घ्यावे लागते. त्याशिवाय पुढचे काहीच पटणार नाही. ज्यांनी पुण्या-पिंपरीच्या टूलरूममध्ये काम केले आहे त्यांना हे दोन वाक्यांत कळेल. नाण्यावर चित्र उमटवते ती डाय, आणि तिच्यावर चित्र खोलगट व उलटे असते. ही डाय तयार होते हबवरून, आणि हबवर चित्र नाण्यासारखेच उठावाचे असते. पोलादी हब मऊ पोलादाच्या ठोकळ्यात प्रचंड दाबाने रुतवली की डाय तयार होते. पण एका दाबात चित्र पुरेसे खोल उतरत नसे, आणि दाबाने पोलाद कडकही होई. म्हणून ठोकळा तापवून सावकाश निववायचा, मऊ करायचा, आणि हब पुन्हा तंतोतंत त्याच जागी बसवून दुसऱ्यांदा दाबायची. ही दुसरी वेळ केसभर जरी सरकली, किंचित फिरली, तरी डायवर दोन प्रतिमा कोरल्या जातात. त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दुहेरीपणा, त्याच जागी, त्याच दिशेने उमटतो. यालाच डबल्ड डाय म्हणतात.

कचेरीतल्या रबरी शिक्क्याचे उदाहरण घ्या. शिक्का मारताना हात घसरला तर त्या एकाच कागदावर अक्षरे फाकतात आणि पुढच्या कागदावर नीट उमटतात. पण शिक्काच दुहेरी कोरला गेला असेल तर प्रत्येक कागदावर सारखीच दुहेरी अक्षरे येतील. संग्राहक पैसे मोजतो ते दुसऱ्या प्रकारासाठी. हात घसरल्याचा पहिला प्रकार टांकसाळीत रोज घडतो आणि त्याला जवळजवळ काही किंमत नाही. दुर्दैवाने नव्वदीपार गेलेल्या आजोबांपासून शाळकरी मुलापर्यंत सगळ्यांना आधी सापडतो तो हाच पहिला प्रकार.

दुहेरी ठशाचा सर्वांत प्रसिद्ध सेंट १९५५ चा, फिलाडेल्फियाचा. त्यावर साल आणि ‘लिबर्टी’, ‘इन गॉड वी ट्रस्ट’ ही अक्षरे इतकी ठळक दुहेरी आहेत की भिंग लागत नाही. एका पाळीत एका डायने असे सुमारे ४० हजार सेंट पाडले. चूक लक्षात आली तोवर त्यातले निम्म्याहून अधिक बाकीच्या लाखो चांगल्या नाण्यांत मिसळून गेले होते. तेवढ्यासाठी सगळा ढीग वितळवायचा नाही असे ठरले आणि ती नाणी बाहेर पडली. त्या काळी सिगारेटचे पाकीट यंत्रात पाव डॉलर टाकून मिळे. किंमत तेवीस सेंट, म्हणून उरलेले दोन सेंट पाकिटाच्या पारदर्शक वेष्टणातच घालून ठेवलेले असत. त्या दोन सेंटमधून हे दुहेरी नाणे न्यू इंग्लंडमधल्या कित्येक घरांत पोहोचले. आज झिजलेल्या अवस्थेतही ते हजार डॉलरच्या पुढे जाते.

आणि याच सालाने सर्वांत जास्त फसवणूकही केली आहे. १९५५ च्या असंख्य सेंटांवर फक्त शेवटचा पाचाचा आकडा दुहेरी दिसतो. तिकडचे लोक त्याला ‘गरिबाचा दुहेरी सेंट’ म्हणत आले आहेत. हा ठशाचा दुहेरीपणा नव्हे. झिजत आलेल्या डायच्या कडेला धातू पसरतो आणि आकड्याभोवती सुजल्यासारखी मऊ सावली येते. अक्षरे आणि बाकीचे आकडे एकेरीच असतात. एका परिचितांनी मला अशी नऊ नाणी मोठ्या आशेने दाखवली. त्यांना मी सांगितले तेच तुम्हालाही सांगतो : १९५५ चा खरा सेंट असेल तर तुम्हाला शंका येणारच नाही. शंका येते आहे, म्हणजे तो नाही.

आता खरा आणि खोटा दुहेरीपणा वेगळा कसा करायचा? दहापट मोठे दाखवणारे सोनाराच्या पद्धतीचे भिंग घ्या. त्याहून जास्त शक्तीचे नको. संगणकाला जोडायचे सूक्ष्मदर्शक तर सुरुवातीला अजिबात नको, कारण त्यात प्रत्येक ओरखडा चमत्कार वाटू लागतो. एकच दिवा तिरका ठेवा आणि नाणे त्याखाली हळूहळू फिरवा. फिरवताना दुहेरीपणा नाहीसा झाला तर ती सावली होती. उरला तर अक्षराची टोके पाहा. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही प्रतिमा गोलसर आणि उंचीला जवळपास सारख्या असतात. अक्षर नेहमीपेक्षा जाड होते, आणि त्याच्या टोकांना जिथे दोन प्रतिमा फाकतात तिथे लहानशी खाच पडलेली असते. यंत्राच्या घसरण्याने झालेल्या दुहेरीपणात अक्षराच्या बाजूला सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर उलट बारीक होते. डाय नाण्यावरून उठताना हलते आणि आधी उमटलेल्या अक्षराचीच कड चेपून काढते. धातू वाढत नाही, नुसता सरकतो. ही एक गोष्ट डोळ्यांत बसली की शंभरातली नव्वद नाणी पहिल्याच नजरेत बाजूला काढता येतात.

उरलेल्यांसाठी अक्षराची साक्ष काढायची. १९८९ पर्यंत चलनी नाण्यांवरचे टांकसाळीचे अक्षर हबवर नसे. फिलाडेल्फियात डाय पूर्ण झाली की कारागीर त्या त्या टांकसाळीचा छोटा पंच हातात घेऊन हातोडीने ते अक्षर डायवर ठोकत असे. म्हणजे डाय दुहेरी झाली तरी अक्षर नंतर ठोकलेले असल्याने ते एकेरीच राहायला हवे. १९६९ चा सॅन फ्रान्सिस्कोचा दुहेरी सेंट हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्यावर ‘लिबर्टी’, बोधवाक्य आणि साल स्वच्छ दुहेरी आहेत, पण सालाखालचा ‘एस’ एकेरी आहे. तुमच्या १९६९ च्या सेंटवर साल आणि ‘एस’ दोन्ही एकाच दिशेला, एकाच मापाने सरकलेले दिसत असतील तर भिंग खाली ठेवा. डाय दुहेरी नव्हती, यंत्र हलले होते. या एका सालाचे घसरलेले सेंट इतके सापडतात की ही परीक्षा ठाऊक नसलेल्या माणसाला दर आठवड्याला घबाड लागल्यासारखे वाटते. खरे मात्र फारच थोडे आहेत. त्याच सुमारास बनावट दुहेरी सेंट बाहेर आल्यामुळे अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने सुरुवातीला काही अस्सल नाणीही जप्त केली होती. २००७ मध्ये एका संग्राहकाला असा एक सेंट न तपासलेल्या रोलमध्ये मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो १,२६,५०० डॉलरला विकला गेला.

या परीक्षेच्या मर्यादा नीट समजून घ्या, नाहीतर तीच तुम्हाला फसवेल. पहिली मर्यादा : फिलाडेल्फियाच्या सेंटवर अक्षरच नाही, तिथे आकाराचीच परीक्षा चालते. दुसरी : १९९० पासून सेंट व पाच सेंटवर, आणि १९९१ पासून डाइम, क्वार्टर व अर्ध्या डॉलरवर, अक्षर आधीच्याच टप्प्यावर मूळ डायमध्ये घातले जाऊ लागले. त्यानंतरच्या नाण्यांना ही साक्ष लागू नाही. तिसरी मर्यादा सर्वांत गमतीची आहे. हाताने ठोकलेले अक्षर कधी नीट बसत नसे, मग कारागीर ते पुन्हा ठोकी, आणि अक्षर तेवढेच दुहेरी होई. त्याची दिशा सालाच्या दुहेरीपणाशी जुळत नाही. हाही संग्राह्य प्रकार आहे. किंमत सहसा माफक असते, पण हा प्रकार शोधण्यात फार आनंद आहे, कारण त्यात एका माणसाच्या हाताची हालचाल दिसते. १९०९ च्या एका सॅन फ्रान्सिस्को सेंटवर तर आधीचा ‘एस’ चक्क आडवा पडलेला आहे आणि त्यावर उभा ‘एस’ ठोकलेला आहे. १९३८ मध्ये बफेलो चित्राचे पाच सेंट फक्त डेन्व्हरने पाडले. सॅन फ्रान्सिस्कोसाठी ‘एस’ ठोकून तयार असलेल्या डाय वाया जाऊ नयेत म्हणून त्यांवरच ‘डी’ ठोकला. त्या नाण्यांवर ‘डी’च्या पोटातून ‘एस’चे वळण डोकावते. ही गोष्ट संग्राहकांच्या लक्षात आली १९६२ मध्ये, म्हणजे नाणे चलनात आल्यावर चोवीस वर्षांनी.

वाडगा चाळताना कोणती साले बाजूला काढावीत? माझे मत असे की पन्नास सालांची यादी पाठ करण्यापेक्षा पाच-सहा चांगली ओळखीची करावीत. १९७२ चा बिनअक्षराचा सेंट घ्या. त्यावर साल व बोधवाक्य ठळक दुहेरी असतात, आणि सर्वांत ठळक प्रकारात मागच्या बाजूला ‘युनायटेड’मधल्या ‘डी’च्या वर, कडेजवळ, डायला पडलेली एक छोटी खूण असते. ती जुळली की खात्री पटते. १९८३ चा सेंट उलटून पाहा, कारण तिथे मागच्या बाजूची सगळी अक्षरे दुहेरी आहेत आणि लोक मागे बघतच नाहीत. १९८४ च्या सेंटवर लिंकनच्या कानाखाली आणखी एक कानाची पाळी दिसते. १९९५ च्या सेंटवर ‘लिबर्टी’ आणि ‘इन गॉड’ दुहेरी आहेत, साल मात्र नाही. हा त्यातल्या त्यात सहज सापडणारा. त्याची किंमत फार नाही, पण खरा दुहेरी ठसा कसा दिसतो ते शिकायला याच्यासारखा गुरू नाही. शक्य असेल तर असा एक विकत घ्या आणि जवळ ठेवा. दुसऱ्या टोकाला १९५८ चा दुहेरी सेंट आहे. त्याचे फक्त तीन नग ज्ञात आहेत आणि त्यातला एक २०२३ मध्ये ११ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. तो तुमच्या वाडग्यात मिळेल अशी आशा मी लावणार नाही.

गेल्या पंचवीस वर्षांतली नाणी पाहताना नजर वेगळ्या जागी न्यावी लागते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकाच दाबात डाय तयार करायची पद्धत आली. दुहेरीपणा संपला नाही, त्याने जागा बदलली. ठोकळ्याचे टोक निमुळते असते आणि हब आधी त्या मधल्या टोकाला टेकते. ती किंचित तिरकी टेकून मग सरळ झाली तर मध्यभागी दुहेरी खुणा राहतात आणि कडेची अक्षरे स्वच्छ उमटतात. म्हणून नव्या नाण्यावर सालाकडे आणि बोधवाक्याकडे बघत बसू नका, मध्य पाहा. २००९ मध्ये लिंकनच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त आलेल्या चार सेंटांपैकी एकावर तरुण लिंकन ओंडक्यावर पुस्तक वाचत बसला आहे. त्याच्या काही नाण्यांवर पुस्तक धरलेल्या हाताला एक जास्तीचे बोट आहे. ते याच प्रकारचे.

१९८२ नंतरच्या सेंटांबद्दल आणखी एक सावधगिरी. त्या वर्षी तांब्याऐवजी जस्ताचा सेंट आला, वर तांब्याचा पातळ मुलामा. नाणे पडताना मुलामा अक्षराच्या कडेला फाटतो, आतले राखाडी जस्त दिसते आणि ती रेघ दुहेरी अक्षरासारखी भासते. १९८२ च्या सेंटांत दोन्ही प्रकार आहेत. तांब्याचा ३.११ ग्रॅम भरतो, जस्ताचा २.५. काटा नसेल तर टेबलावर टाकून ऐका. तांब्याचा आपल्या बंद्या रुपयासारखा खणखणतो, जस्ताचा नुसता थड् वाजतो.

आता बनावटीचे बोलू, कारण विकत घेणाऱ्याचे नुकसान होते ते इथे. एका अक्षराने किंमत शंभरपट होत असेल तर ते अक्षर चिकटवणारेही निघणारच. १९०९ चा सॅन फ्रान्सिस्कोचा सेंट, मागे तळाशी चित्रकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची ‘व्हीडीबी’ ही आद्याक्षरे असलेला, फक्त ४,८४,००० पाडला गेला. फिलाडेल्फियाचा तसाच सेंट मुबलक आहे, म्हणून त्यावर ‘एस’ डकवतात. १९१६ चा डेन्व्हरचा डाइम फक्त २,६४,००० आहे, म्हणून त्याच सालच्या फिलाडेल्फियाच्या डाइमवर ‘डी’ डकवतात. भिंगाखाली अक्षराच्या बुडाशी पाहा. अस्सल अक्षर पृष्ठभागातून उगवल्यासारखे एकजीव असते. चिकटवलेल्याभोवती बारीक फट, डिंकासारखी रेघ किंवा घासल्याची चमक असते. मी स्वतः एकदा एका विक्रेत्याकडून १९१४ चा डेन्व्हर सेंट घेतला. घरी येऊन पाहिले तर १९ आणि १४ यांच्यात अंतर जास्त होते आणि लिंकनच्या खांद्याच्या कडेला ‘व्हीडीबी’ होते. ही आद्याक्षरे खांद्यावर आली १९१८ मध्ये. १९१४ च्या नाण्यावर ती असूच शकत नाहीत. कोणीतरी १९४४ च्या सामान्य सेंटवरचा पहिला चार कोरून एक केला होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक महाग नाण्याला एकच प्रश्न विचारतो : या सालाला या जागी काय असायला हवे आणि काय नसायला हवे?

बनावट १९५५ देखील फार आहेत. अस्सल नाण्याच्या मागच्या बाजूला ‘सेंट’ शब्दातल्या ‘टी’च्या डाव्या आडव्या फाट्याखाली दोन बारीक, जवळपास समांतर ओरखडे असतात. ते डायवरचे आहेत, म्हणून प्रत्येक अस्सल नाण्यावर येतात. तरीही एवढ्या मोठ्या रकमेचे नाणे पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या तपासणी संस्थेने सीलबंद केलेले असल्याशिवाय घेऊ नका. स्वतःचे नाणे तपासायला पाठवताना मात्र हिशेब करा, कारण तपासणीचे शुल्क आणि टपालखर्च अनेकदा नाण्याच्या किमतीहून जास्त होतो. त्याआधी बिल फिवाझ आणि जे. टी. स्टँटन यांच्या ‘चेरीपिकर्स गाइड’मधल्या छायाचित्राशी आपले नाणे जुळवा. दुहेरी ठसा एका डायचा असतो. छायाचित्रातल्या नाण्याशी तुमचे नाणे तंतोतंत जुळले पाहिजे. ‘साधारण तसेच’ असून चालत नाही.

जे तिकडे राहतात त्यांना एक सोपा मार्ग आहे. बँकेतून अर्ध्या डॉलरला पन्नास सेंटचा रोल मागून घ्या, संध्याकाळी मुलांना घेऊन टेबलावर पसरा, पाहा, आणि जे नको ते परत करा. यात तोटा होतच नाही. पन्नास रोलचा खोका पंचवीस डॉलरला येतो आणि त्यात अडीच हजार नाणी असतात. मुलांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते, आणि सालावरून इतिहास सांगायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

शेवटचे आणि सर्वांत कळकळीचे सांगणे. आपल्या घरात तांबे काळे दिसले की हात आपोआप चिंचेकडे, लिंबाकडे किंवा पितांबरीकडे जातो. देवघरातल्या ताम्हणासाठी ते योग्य आहे, नाण्यासाठी ते विष आहे. घासलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग जातो, तो कोणत्याही उपायाने परत येत नाही आणि किंमत एका क्षणात निम्म्याहून खाली येते. नाणे बोटांच्या चिमटीत कडेने धरा. खाली मऊ कापड ठेवा. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांत ठेवू नका. त्यातल्या पीव्हीसीमुळे काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो. पुठ्ठ्याच्या चौकटी आणि मायलारच्या खिडक्या असलेली पाकिटे मिळतात, ती वापरा आणि वर पेन्सिलीने साल व अक्षर लिहा. मुंबईच्या दमट हवेत डबीत सिलिकाची एक पुडी टाका.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियात चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडला गेला. वाडग्यातले आणि डबीतले सेंट आता हळूहळू बँकांकडे आणि भंगारात जातील. तेव्हा या रविवारी डबी उघडा, दिवा लावा आणि आधी अक्षर पाहा. काही सापडले असे वाटले तर ते घासू नका, कोणाला विकूही नका. आधी एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवा.